ताईची काळी काच

९ जानेवारी

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस पहिल्या दिवसाला घाबरत नाही अशी माझी समजूत होती. सकाळी दोनदा दाढी केली. बायको म्हणाली, "सख्ख्या बहिणीच्या कंपनीत चाललाय ना? मग गालाची सालं कशाला काढताय?" तिला बोलायला काय जातं! तिची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका ब्रेकवर पाय ठेवून निस्तरते आणि घरी आली की तोच पाय माझ्यावर.

फरशांच्या कंपनीनं आमची शाखा बंद केली तेव्हापासून मी घरीच होतो. आईनं ताईला फोन करून काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्याच आठवड्यात ताई म्हणाली, "छोट्या, मला विकणारा माणूस हवाय." विकायला अजून काही तयारच नाही, हे मला आज तिथं गेल्यावर कळलं. म्हणजे दयाच. पण दया करणारी ताई असेल तर घेणाऱ्याला लाज वाटत नाही. लहानपणापासूनची सवय आहे.

कंपनीची जागा म्हणजे जुना कारखाना. पूर्वी इथं पत्र्याच्या डब्यांवर चित्रं छापायचे. एका भिंतीवर बिस्किटांच्या डब्यावरची हसरी बाई अजून शिल्लक आहे, अर्धी. तिच्याच नजरेखाली ताई आणि तिची वीसेक माणसं सूर्यापासून वीज करणारी नवी पॅनलं बनवतात. पेरोव्स्काइटची. हा शब्द मी येताना गाडीत घोकत आलो आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यासमोरच अडखळलो. तो म्हणाला, "साहेब, आम्ही नुसतं काळी काच म्हणतो."

११ जानेवारी

ताईनं आज सगळं हिंडून दाखवलं. अंगात पांढरा डगला, डोक्याला टोपी, पायात पिशव्या. आरशात बघितलं तर मी गुंडाळलेल्या सोफ्यासारखा दिसत होतो.

ती म्हणाली, "हे बघ, नेहमीच्या पॅनलमधल्या सिलिकॉनला भट्टी लागते, प्रचंड आच लागते. आपलं हे द्रावण असतं, शाईसारखं. काचेवर पातळ ओढायचं, थोडंसं तापवायचं. साध्या पॅनलवर हा थर चढवला की तेवढ्याच उन्हातून जास्त वीज निघते."

"इतकं सोपं असेल तर सगळेच का करत नाहीत?"

"सगळेच मागे लागलेत रे. करणं सोपं आहे, टिकवणं अवघड. ओल लागली की मेलं."

मग तिनं मला एका बंद पेटीच्या काचेला नाक लावून उभं केलं. आत काचेवर लिंबाच्या सालीसारखा पिवळा ओला थर होता. खालून ऊब मिळाली आणि बघता बघता त्या पिवळ्याचं काळं झालं. एका कडेनं सुरू झालं आणि सावली सरकावी तसं पलीकडे गेलं. आरशासारखं चकचकीत काळं. मी आयुष्यात हजारो प्रकारच्या फरशा विकल्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. तोंडातून "बाप रे" निघालं. ताई माझ्याकडे बघून हसली. ती हे रोज बघते, तरी तिचंही नाक काचेला लागलेलं होतं.

येताना तिनं विचारलं, "आई काय म्हणते?" मी म्हटलं, "म्हणते, छोट्याला जास्त राबवू नको." ती "बरं" म्हणाली.

२० जानेवारी

इथल्या मुख्य रसायनतज्ज्ञाला सगळे काडीपैलवान म्हणतात. तोंडावरसुद्धा. वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड घालून हिंडावं अशी अंगकाठी. डोकं मात्र अफाट. द्रावणाची बाटली नुसती उजेडात धरून आज थर कसा बसेल ते सांगतो, आणि तसाच बसतो.

पण त्याच्यात एक खोड आहे. कुणी पाहुणा दारात आला की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत सांगतो, "ह्यात शिसं असतं बरं का. थोडंसंच, पण असतं. विषारी असतं." अरे बाबा, घर भाड्यानं देताना कुणी आधी छत गळतं ती जागा दाखवतं का? आज त्याला बाजूला घेऊन समजावलं. तो म्हणाला, "ताईंनीच सांगायला सांगितलंय."

मी ताईकडे गेलो. ताई म्हणाली, "आपण नाही सांगितलं तर दुसरं कुणी सांगेल. मग आपण खोटे ठरू."

तिला विक्रीतलं काही कळत नाही. पण बाकीचं इतकं कळतं की बोलायची हिंमत होत नाही.

१८ फेब्रुवारी

आज मी कंपनीची अब्रू वाचवली.

शीतगृहाच्या मालकीणबाई आल्या होत्या. बटाट्यांची आणि बियाण्यांची भलीमोठी कोठारं आहेत त्यांची, सगळी गार ठेवायची, त्यामुळे विजेचा राक्षस. छप्पर एवढं, की त्यावर विमान उतरवावं. हे गिऱ्हाईक मी एकट्यानं शोधलंय. त्यांना उन्हाळ्याच्या आत संपूर्ण छपरावर पॅनलं हवीत. करार जवळजवळ ठरलाच होता. फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणाल्या.

ताई बाहेर गेली होती, म्हणून मीच त्यांना गच्चीवर नेलं. तिथं पूर्ण आकाराची पॅनलं गेला हिवाळाभर उघड्यावर ठेवली आहेत. बाई धिम्या चालीनं एकेक बघत गेल्या. तिसऱ्यापाशी थांबल्या. "हे काय?"

खालच्या कोपऱ्यात, जिथून विजेची पट्टी बाहेर येते तिथं, बोटभर पिवळी झाक होती. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "ती खूण आहे, बाई. तारेची बाजू ओळखायला. डिझाइनच आहे तसं." बाई "अच्छा" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला परवाना कुणी दिला?" तिला कौतुक करायला जमत नाही.

झाक कसली ते उद्या काडीपैलवानाला विचारायला हवं.

१९ फेब्रुवारी

विचारलं. तो माझं वाक्य पुरं व्हायच्या आत जिना चढून गेला. मागोमाग ताई. मी वर पोचलो तेव्हा दोघं गच्चीवर उकिडवी बसली होती. एका पॅनलला नाही, निम्म्या पॅनलांना पिवळं लागलं होतं. कुठं नखाएवढं, कुठं बोटभर. काळ्याचं परत पिवळं. म्हणजे थर मरतोय.

ताईनं विचारलं, "मालकीणबाईंनी हे पाहिलं?"

मी सगळं सांगितलं. डिझाइनचंही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "लाव त्यांना."

"ताई, अगं, आधी कारण तरी शोधू. मग सांगू ना व्यवस्थित."

"कारण माहीत नाही हेच सांगायचंय."

"ऑर्डर जाईल."

"जाऊ दे."

"अगं, पण मी खोटारडा ठरेन!"

ताई म्हणाली, "मग कालचं खरं होतं का?" आणि खाली निघून गेली. काडीपैलवान तिथंच होता. म्हणाला, "मी बोलू का? मला वाईट बातम्या द्यायची सवय आहे." मी नाही म्हटलं. फोन मीच केला. मी असा अडखळत बोलत होतो की बाईंना वाटलं मी आजारी आहे.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. छपराचं आता राहू द्या." आणि फोन ठेवला.

घरी येऊन जेवलो नाही. आई म्हणाली, "ताई रागावली वाटतं? तिला काय, बोलायला सोपं." मला आईचं ते बोलणं आज पहिल्यांदा आवडलं नाही. का ते कळलं नाही.

२ मार्च

ताईनं सगळ्यांना भिंतीवरच्या हसऱ्या बाईखाली गोळा केलं. म्हणाली, "आपली पॅनलं परीक्षेच्या दमट गरम कपाटात टिकली होती. उन्हात टिकली नाहीत. म्हणजे ऊन बरोबर आणि आपली परीक्षा चूक. विक्री बंद. कारण सापडेपर्यंत एकही पॅनल फाटकाबाहेर जाणार नाही."

मी मनात म्हटलं, विक्री बंद तर विकणाऱ्याचं काय? सभा संपल्यावर तेच विचारलं. ती म्हणाली, "तू पॅनलं उघड."

पॅनल उघडणं म्हणजे दोन काचांमधला चिकट थर तारेनं कापत जाणं, काच न फोडता. केक कापायला बसलेल्या माणसाला हात थरथरायचा रोग असावा तसा मी कापतो.

१५ मार्च

कापतोय. हाताला घट्टे. काडीपैलवान प्रत्येक उघडलेल्या काचेवर भिंग घेऊन ओणवा होतो. आज म्हणाला, "तुमचा हात सुधारला." ताईनं वळून बघितलं. मला शाळेत चित्रकलेत पहिला नंबर आला होता तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. (नंबर तिसरा होता, पण आई सगळ्यांना पहिला सांगायची.)

२६ मार्च

आज एका मोठ्या कंपनीचा माणूस आला होता. कपडे असे, की बसल्यावरही चुणी पडत नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. त्यांना ताईची कृती हवी, नाव हवं, माणसंही हवीत. सगळ्यांच्या नोकऱ्या पक्क्या. पॅनलं ते याच वर्षी बाजारात आणणार.

ताई म्हणाली, "कोपरे पिवळे पडतायत, हे मी तुम्हाला दाखवलं."

"हो. तीनचार वर्षं तर जातील ना? तोवर पुढची आवृत्ती येईल. लोक फोनसुद्धा बदलतातच."

"फोन छपरावर ठोकून बसवत नाहीत," ताई म्हणाली. "आणि आमच्या काचेत शिसं आहे. ती टिकली नाही तर ते कुठं जाईल?"

तो हसला. "मॅडम, तुम्ही शास्त्रज्ञ आहात. धंदा आमच्यावर सोडा."

ताईनं त्याला फाटकापर्यंत पोचवलं, हात हलवला आणि परत येऊन सरळ माझ्या शेजारी कापायला बसली. बराच वेळ कापत राहिली. मग म्हणाली, "छोट्या, मी वीस घरांचा घास तर घालवला नाही ना?"

मी म्हटलं, "छे!" मला खरं तर ठाऊक नव्हतं. पण तिला "छे" ऐकायचं होतं एवढं कळलं. ताईला कुणाच्या शाबासकीची गरज लागत नाही, पण आज थकली असावी.

२७ मार्च

जेवताना सगळं सांगितलं. त्या माणसाचं बोलणं, ताईचं ते फोन आणि छपराचं उत्तर. बायको म्हणाली, "बरोबर केलं वन्संनी. उद्या मीही म्हणेन, ब्रेक तीनचार वर्षं तर लागतील ना!" आई हात वाळेपर्यंत ताटावर बसून राहिली. मग म्हणाली, "त्याला दार दाखवलं तिनं? एकटीनं?"

मी म्हटलं, "एकटीनं."

"लहानपणी ती घरातल्या सगळ्या बॅटऱ्या उघडायची," आई म्हणाली. "मी मारायची तिला." आणि उठली. आईचं हल्ली असंच असतं, कुठून कुठं जाते.

२९ मार्च

आई सकाळी तयार होऊन दारात उभी. "मला बघायचीय ती काळी काच." बायकोनं शिकाऊ गाडीतून सोडलं, छतावर पाटी असलेल्या. सगळा रस्ता लोक आमच्यापासून अंतर ठेवून चालत होते.

ताई आईला बघून इतकी गडबडली की टोपी उलटी घातली. आईला त्या पेटीपाशी उभं केलं. पिवळ्याचं काळं होताना आईनं शेवटपर्यंत बघितलं. मग विचारलं, "हे सगळं तू केलंस?"

ताई म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी मिळून."

"मी तुला विचारतेय."

"हो," ताई म्हणाली. "मी केलं."

आई तिच्या टोपीवरून हात फिरवत राहिली. ताईचे डोळे वाहायला लागले. मला धसका बसला, पेटीतली वाफ बाहेर आली की काय! काडीपैलवानाला हाक मारली. तो आला, बघितलं आणि मलाच दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. "गळती नाही," म्हणाला. "माझी खात्री आहे." तरी मी पहारेकऱ्याकडून खिडक्या उघडून घेतल्या.

२१ एप्रिल

सापडलं!

नीट लिहून ठेवतो, कारण हे मला कळलंय आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

दिवसा ऊन लागलं की पॅनल फुगतं, रात्री गार झालं की आक्रसतं. डोळ्याला दिसत नाही इतकंच, पण रोज. आतली वीज बाहेर आणणारी धातूची पट्टी दोन काचांच्या मधून, कडेच्या चिकट सीलमधून बाहेर येते. काच फुगते त्याहून पट्टी जास्त फुगते. रोजच्या ओढाताणीत पट्टीभोवती सील सुटतं, केसाहून बारीक. त्या वाटेनं ओल आत जाते. आमच्या कपाटात सतत गरम असायचं, गरम-गार व्हायचं नाही. गरम-गारची परीक्षा घेतली होती ती छोट्या तुकड्यांची, आणि त्या तुकड्यांना ही पट्टीच नव्हती.

हे ताईला सुचलं. काडीपैलवानानं तिचं म्हणणं दोनदा खोडून काढलं. ती दोन्ही वेळा "बरोबर आहे तुझं" म्हणाली आणि तिसऱ्यांदा नवा पुरावा घेऊन आली. तिसऱ्यांदा तो भिंगावरून उठलाच नाही. मग मान खाली ठेवूनच म्हणाला, "माझं चुकलं. वाट इथंच आहे." दोघं अशी आनंदली की जणू लॉटरी लागली. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण आपलं चुकलं म्हणून आनंदलेला साहेब पहिल्यांदा बघितला.

२४ एप्रिल

उपाय असा: पट्टी कडेनं काढायचीच नाही. मागच्या काचेला मधोमध भोक पाडायचं, तिथून बाहेर काढायची, आणि कडेला सील सलग ठेवायचं, कुठंही न तोडता. भोकावर वेगळं झाकण, वेगळं सील. ताई म्हणाली हे काही आपण शोधून काढलेलं नाही, दुसऱ्या प्रकारच्या पॅनलांत करतातच. आपल्याला गरज वाटली नव्हती, कारण कडेनं काढणं सोपं होतं. "सोपं होतं" हे शब्द ती अशा काही आवाजात म्हणाली, की मीच मान खाली घातली.

काचेला भोक पाडणं माझ्या ओळखीचं. फरशांना पाडायचो. इथं मात्र दहातली सात फुटली. काच म्हणजे फरशी नव्हे, असं ताईनं गंभीरपणे सांगितलं. हसू दाबत होती.

३० जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं: नवी पॅनलं कपाटात आहेत, आज गरम, आज गार, आज गरम. दोन माणसं सोडून गेली. मोठ्या कंपनीत. ताईनं दोघांना चांगलं शिफारसपत्र दिलं. मी म्हटलं, खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांना कसली पत्रं? ती म्हणाली, "त्यांची मुलं शिकतायत. आणि काम त्यांनी चांगलंच केलं होतं."

आई आता दर रविवारी ताईला फोन लावते. मला विचारायची ते सगळं आता थेट तिलाच विचारते. माझं काम हलकं झालं.

१२ ऑगस्ट

कपाटातून पॅनलं बाहेर काढली. काळीभोर. कोपऱ्यात, भोकापाशी, कुठंही पिवळं नाही. काडीपैलवान भिंग घेऊन सगळीकडे फिरला आणि शेवटी म्हणाला, "मला काही सापडत नाही," आणि जरा निराश दिसला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा कारखाना टाळ्या वाजवू लागला. ताई म्हणाली, "हे कपाट आहे. ऊन अजून बाकी आहे."

२० ऑगस्ट

ताई म्हणाली, मालकीणबाईंकडे जा. मी म्हटलं, कुठल्या तोंडानं? "ज्या तोंडानं फोन केलास त्याच."

गेलो. काय बिघडलं होतं, काय केलं, अजून काय माहीत नाही, सगळं सांगितलं. शिशाचंही सांगितलं, आधी. बाईंनी विचारलं, "किती वर्षं टिकेल?"

फरशा विकताना मी या प्रश्नाला झोपेतसुद्धा उत्तर द्यायचो. आज म्हटलं, "कपाटातल्या परीक्षेवरून पुष्कळ. प्रत्यक्ष उन्हात अजून कुणी इतकी वर्षं ठेवलेलंच नाही, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही."

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग बोट दाखवलं. "ती वजनकाट्याची शेड आहे. ट्रक येतात, वजन करून आत जातात. तिथं लावा. सगळे ऋतू जाऊ देत."

विमानाच्या धावपट्टीऐवजी शेड. पण ताईला सांगितलं तर ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

७ सप्टेंबर

शेडवर आठ पॅनलं बसली. ताई स्वतः शिडीवर. खाली ट्रकवाले मान वर करून विचारत होते, "काळी कशी काय एवढी?" वजनकाट्याचे आकडे दुपारपासून आमच्या विजेवर चालतायत. एक ट्रक उगाच दोनदा वजन करून गेला.

१९ मार्च

आज पाच वाजता आभाळ काळंठिक्कर झालं आणि गारा आल्या. लिंबाएवढ्या. बायकोच्या शिकाऊ गाडीचा पत्रा चेपला. मी घरात खिडकीशी उभा राहून एकच विचार करत होतो. तेवढ्यात शीतगृहाच्या पहारेकऱ्याचा फोन आला: शेडवरचं एक पॅनल फुटलंय, तुकडे खाली पडलेत.

मी ताईला फोन केला तर ती आधीच गाडीत होती.

२० मार्च

सकाळी उजाडल्याबरोबर आम्ही सगळे तिथं. काल अंधार पडला म्हणून ताईनं शेडभोवती दोरी बांधून घेतली होती, ट्रक दुसऱ्या फाटकानं वळवले होते. रात्रभर काडीपैलवान ताडपत्री धरून तिथंच बसला होता म्हणे. त्या अंगकाठीला वाऱ्यानं नेलं नाही हेच नवल.

मी गाडीत एक भाषण तयार केलं होतं. दिलगिरी, आश्वासन, सात पॅनलं शाबूत असल्याचा मुद्दा, सगळं. मालकीणबाई वजनकाट्याच्या खोलीच्या खिडकीत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे निघालो, तर ताईनं माझ्या हातात जाड मोजे आणि चिमटा ठेवला. "आधी हे."

ती स्वतः गुडघ्यांवर बसली होती. खडीतून काचेचे कण वेचत होती, एकेक, झाकणाच्या डब्यात टाकत होती. बारीक कणांसाठी ओलं फडकं. पन्हाळीत उतरून काडीपैलवान गाळ खरवडत होता. आम्ही सगळे रांगेत, एका कडेनं पुढे सरकत. दगड उचलायचा, खाली बघायचं, ठेवायचा. पाठ मोडून आली. दुपारी मी म्हटलं, "ताई, बस्स झालं आता. मातीत थोडं राहिलं तरी कुणाला कळणार आहे?" तिनं पुढचा दगड उचलला. मीच परत खाली बसलो.

मालकीणबाई बाहेर आल्या. मी उठून भाषण सुरू करणार, तर त्यांनी विचारलं, "त्या तुमच्या बहीण ना? कंपनी त्यांचीच ना?"

"हो."

"मग गुडघ्यांवर त्या का?"

मला फार शरमल्यासारखं झालं. कंपनीच्या प्रमुखानं असं मातीत रांगणं गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही. मी म्हटलं, "ती ऐकत नाही हो कुणाचं. लहानपणापासून अशीच आहे." बाई आत निघून गेल्या. माझं भाषण राहूनच गेलं.

निघताना ताईनं शेडभोवतालची माती आणि पन्हाळीचं पाणी बाटल्यांत भरून घेतलं, तपासायला.

२८ मार्च

तपासणीचे निकाल आले. माती ठीक. पाणी ठीक. पन्हाळीच्या तोंडाशी एका जागी शिसं मर्यादेच्या किंचित वर. मी म्हटलं, एकच जागा आहे, किंचितच आहे, सरासरी काढली तर सगळं मर्यादेत येतं. ताई आणि काडीपैलवान दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सरासरी हा शब्दच विसरलो. ताईनं निकाल जसेच्या तसे मालकीणबाईंना दिले, आणि त्याच दिवशी त्या जागेची वरची माती खरवडून डब्यात भरून आणली.

आता हे गिऱ्हाईक गेलं, असं मी धरून चाललोय. बायको म्हणते, "बघू या." तिच्या बोलण्याला काही आधार नाही.

६ एप्रिल

हे मला अजून खरं वाटत नाही.

मालकीणबाईंनी बोलावलं. उरलेली सात काढून न्या म्हणणार, अशा तयारीनं गेलो. त्या म्हणाल्या, "सगळं छप्पर करा."

मी खुर्चीवर नीट बसलो. "सगळं?"

"सगळं. पण माझी एक अट आहे. काच फुटली, तर उचलायला तुमचीच माणसं आली पाहिजेत. त्या दिवशी आली होती तशी."

मी म्हटलं, "बाई, नव्या पॅनलांना आम्ही जाड काच लावणार आहोत, आता फुटणार नाहीत."

"फुटतील हो," त्या म्हणाल्या. "काच आहे."

येताना गाडीत विचार करत आलो. एवढी वर्षं विक्रीत काढली, पण ही ऑर्डर कशी मिळाली ते सांगता येत नाही. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. माझ्या मते सात पॅनलांनी गारा खाऊनही वीज दिली, त्याचाच परिणाम असणार. पुढच्या गिऱ्हाइकाला हा मुद्दा आधी सांगायचा.

ताईला अट सांगितली. मला वाटलं वैतागेल, एवढ्या मोठ्या छपराखाली जन्मभर काचा वेचायच्या म्हणजे काय! ती म्हणाली, "ही अट सगळ्यांच्या करारात घाल. कुणी मागितली नाही तरी."

दुपारी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, असली अट स्वतःहून घालणारी कंपनी त्यांनी पाहिलेली नाही.

मी म्हटलं, "मीही नाही पाहिली. पण लिहा."